दुसऱ्या गल्लीनं घरी

आई,

मी काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. दारू सोडायला आलेल्या माणसांशी बोलायचं, त्यांना बोलतं करायचं. तू म्हणाली असतीस, "नुसतं बोलाची नोकरी? ते तं आम्ही रोजच करतो." घरातली पहिली पदवीधर म्हणून मी तुला त्यातला फरक समजावून सांगितला असता, आणि आज तो फरक मलाच नीट सांगता येत नाही.

इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात काम करणारा एक माणूस आमच्याकडे होता. गटात सगळ्यात छान तोच बोलायचा. "इच्छा झाली का पाणी प्यायचं, घरी फोन करायचा, तिथून निघायचं. बरोबर न म्याडम?" मी फाइलमध्ये लिहिलं, घरी जायला तयार. शनिवारी गेला, मंगळवारी बायकोनं रिक्षातून परत आणला. आपलं काय ठरलं होतं, असं विचारलं तर तो हसून म्हणाला, "तुम्ही लय चांगलं सांगतलं होतं म्याडम." काय सांगितलं होतं, ते मात्र त्याला आठवेना. डॉक्टरांनी तपासलं. इतक्या वर्षांच्या दारूनं मेंदू दुखावला होता. नवं काही टिकत नव्हतं, एकामागून एक गोष्टी जुळवता येत नव्हत्या. आणि मी त्याच्यासमोर तास तास बोलत बसले होते, त्यानं मान हलवली की त्याला समजलं असं धरत होते.

मग मी पद्धत बदलली. पंधराच मिनिटं, रोज तीच खुर्ची, एका दिवशी एकच वाक्य, आणि ते त्यानं म्हणायचं. पुढे खोलीही सोडली. दुकानापासून त्याच्या घरापर्यंत आम्ही सरावासाठी रोज सकाळी चालत जातो. दारूच्या दुकानाच्या अलीकडे एक गल्ली फुटते, तिथे मी थांबते आणि तो म्हणतो, "इथून वळाचं." तिसऱ्या दिवशी तिथे थांबले आणि आठवलं. हे मी पाहिलेलं होतं.

हिंगण्याहून बाबांच्या कंपनीची बस यायची, तू चौकात उभी असायचीस. बाबा उतरले की, "चला न जी," म्हणून शाळेच्या भिंतीमागून त्यांना आणायचीस, दारूची भट्टी टाळून. वाटेत एकच प्रश्न. "घरी जाऊन काय कराचं?" "हातपाय धुवाचे." पुन्हा तोच. पानठेल्यावरचे ओरडायचे, "काहो भाऊ, शाळा सुटली काय?" बाबा हसायचे, तू नाही. त्या वर्षी बाबा प्यायले नव्हते. एका संध्याकाळी घरी आल्यावर मी तुला रागावले. तू त्यांचा अपमान करतेस, पहारा देतेस, माणसानं आपली जबाबदारी आपण घ्यायची असते. कॉलेजातलंच सगळं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "त्याइच्या डोक्यात दोन गोष्टी मावत नाही वं. एकच सांगा लागते." मी ऐकलं नाही. मग तूच म्हणालीस, "तू शिकली आहेस. तुले जास्त समजत असन." दुसऱ्या दिवसापासून तू चौकात गेली नाहीस. पंधरवड्यात बाबा पिऊन आले. पुढच्या वर्षी ते गेले, नंतर तू. मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आता त्या माणसाला शेटजींनी शेवटची संधी दिली आहे. सकाळी मी जाऊ शकते, पण रोज संध्याकाळी दुकानासमोर उभं राहायला त्याच्या बायकोशिवाय कोणी नाही. काल ती म्हणाली, "मी उभी राहू? साऱ्या बाजारासमोर? लोक काय म्हणतीन, नवऱ्याले दोरी बांधून नेते." मला रागावता येईना. मी तिला तुझं सांगितलं. बस, चौक, शाळेची भिंत, सगळं. ऐकून तिनं विचारलं, "मंग त्याइनं काहून बंद केलं?"

मी म्हटलं, "तिचे पाय दुखायचे."

"माहे चांगले आहेत अजून," ती म्हणाली. "जातो मी उद्यापासून."

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. तुझे पाय दुखत नव्हते. मी तुला रागावले त्या संध्याकाळी वाटेत माझ्यासोबत कॉलेजची मैत्रीण होती. पानठेल्यावरचे ओरडले तेव्हा तीही हसली. जबाबदारी वगैरे मला नंतर, घरी येता येता सुचलं.