दोरा सुटेपर्यंत रोज एक पान

झ्लात्काताई,

घेवड्याचं सूप शेगडीवर आहे, पुदिना घातलाय. मांजरीला चीज देऊ नकोस, सकाळीच ताव मारलाय तिने.

मी वाचनालयात चाललेय, माझं लिहिलेलं वाचून दाखवायला!

एक मार्चला, वसंताच्या रिवाजाप्रमाणे, तू माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधलास, तेव्हा मी म्हणाले होते ना, पहिला करकोचा दिसून हा दोरा सुटेपर्यंत रोज एक पान लिहीन? तू म्हणालीस, "दोन वर्षं पेन हातात धरलं नाहीस, तू कसली लिहितेस!" खरं सांगते, पहिले दहा दिवस कोऱ्या कागदाची इतकी धास्ती होती की उठल्या उठल्या बाल्कनीत जाऊन आभाळाला विनवायचे, धाड बाई एखादा करकोचा, सोडव मला.

मग गोडी कधी लागली, कळलंच नाही. एकोणीस तारखेला करकोचा आला आणि मी चक्क गप्प बसले. आज एकतीस पानं झाली.

पण तू माझ्याहून लबाड! त्याच सकाळी तू बाल्कनीतून आत आलीस, घाईघाईने पडदा ओढलास नि म्हणालीस, "बाहेर काही नाही, बस लिहायला." तुझ्या खांद्यावरून मला तो स्पष्ट दिसत होता गं. तेव्हापासून तूही आपला दोरा तसाच मनगटावर ठेवून हिंडतेयस.

पाच वाजता वाचनालयामागच्या फुललेल्या जर्दाळूच्या झाडापाशी ये. करकोचा दिसल्यावर बांधतात तसे दोघींचे दोरे एकदमच सोडून फांदीला बांधू. उद्याचं पान मी बिनदोऱ्याचं लिहिणार आहे.

नेवेना