काच फुटली तेव्हा मी पाणी पीत होतो

पर्वत पाटिया, सुरत

तीर्थस्वरूप योगराज आबांना धाकट्या हिलालचा दंडवत. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला बसला का? इकडे सगळं ठीक (असं लिहायची पद्धत आहे म्हणून). फोन केला असता, पण एकच खोली, गायत्री ऐकते. लेकीसाठी तुम्ही आणलेलं स्थळ सोन्यासारखं आहे. पण मी साडीच्या दुकानात मॅनेजर आहे असं तुम्ही त्यांना सांगून बसलात, आणि इथे माझी साधी नोकरीच राहते की जाते अशी गत झालीय.

बुधवारी भरदुपारी दुकानाचं काचेचं दार फुटलं. आपोआप. मी दोन हात लांब उभा राहून पाणी पीत होतो. एवढी जाड काच, तिचा ज्वारीएवढ्या दाण्यांचा ढीग झाला आणि त्यावर शेठचं लिंबू-मिरची शाबूत! काचवाला आला, त्याने लिंबू-मिरचीची लोखंडी क्लिप उचलली आणि ही कुठे लावायचात म्हणून विचारलं. दाराच्या कडेला, शेठच्याच हुकमाने, बारा वर्षं, दर शनिवारी (ठोकायचो मीच, नाही म्हणत नाही). तो म्हणाला, या काचेचा जीव कडेत असतो. तिथे टवका उडाला की बारीक चीर पडते. मग आत एसी, बाहेर ऊन, दिवसभर उघडझाप. चीर केसाकेसाने आत सरकते, वरून काच लखलखीत दिसते, आणि एक दिवस कोणी हात न लावता जाते. शेठने मान हलवत सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण पासे कोण ऊभुं हतुं?" जवळ कोण उभं होतं, एवढंच त्याला हवं होतं. आबा, फार लागलं मला. घरी बायकोपुढे रडावं, तर सुंदरा म्हणते, "तुमले कोनी सांगेल व्हतं तठे उभं ऱ्हावाले?"

मग मीही शेठला तोंडावर सुनावलं, की माफी मागणार नाही, ठेवा तुमची नोकरी. आपल्या घराण्यात कोणी वाकलेलं नाही, हे तुम्ही जाणताच.

तुमचा
हिलाल

ता. क. सुनावलं वगैरे काही नाही. माफी मागितली. नवी काच यायला पंधरा दिवस आहेत. तोवर दाराला पडदा लावलाय आणि गिऱ्हाईक आलं की तो उचलायला मला उभं केलंय.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज मुलाचे वडील दुकानात आले. मला ते ओळखत नाहीत. मलाच विचारलं, मॅनेजर हिलालभाऊ आहेत का? मी म्हणालो, साहेब कडोदऱ्याला गेलेत. ते म्हणाले, "बरं, चपलांकडे लक्ष ठेव." तासभर ठेवलं. तेव्हा आबा, साखरपुड्याला मुलीचा बाप म्हणून तुम्हीच पाटावर बसा. गायत्रीला मी सांगेन, शेठने सुट्टी दिली नाही.