नाण्यावरचे आम्ही

३ ऑगस्ट ११६८. सकाळची प्रार्थना आटोपून.
संत मिखाएलच्या जत्रेला सम्राटांचा माणूस येणार. पुलाजवळचा बाजार आमचा की काउंट एकबर्टचा, हे तो ठरवणार. ज्याचं नाणं चालतं, त्याचा बाजार. बिशपने, म्हणजे आम्ही, नुसत्या घंटा वाजवाव्यात, असं एकबर्ट सांगत फिरतोय. संकल्प : आमच्या छबीचा नवा चांदीचा फेनिग.

९ ऑगस्ट.
ठसे कोरणारा लुडगर अडून बसला. सिंहासन, धर्मदंड, तलवार, दोन बुरूज, एवढं मावत नाही म्हणे. म्हटलं, नाणं मोठं कर. चांदी तेवढीच, मग पापुद्रा होईल, असं त्याचं रडगाणं. कारागिरांना दूरदृष्टी नसते.

२१ ऑगस्ट.
नाणं तयार. हनुवटी तर माझ्यापेक्षा करारी. समाधानाने सुस्कारा सोडला, चार फेनिग उडून खिडकीबाहेर गेले. आमच्या चर्चचे डीन फोल्कमार यांना नेमका खोकला आला. बराच वेळ टिकला. जपायला सांगितलं.

१ सप्टेंबर.
दवंडी. जुनी नाणी बंद. बारा जुनी आणा, नऊ नवी न्या. दरवर्षीचीच रीत. लोकांच्या डोळ्यांत पाणी. आपल्यावर एवढं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं.

१२ सप्टेंबर. दुपारी जेवण गेलं नाही.
पाव अर्ध्या फेनिगचा, म्हणून लोक नाणं कात्रीने कापतात. पूर्वापार कापतात, पण तेव्हा वर नुसता क्रूस असे. आता कात्री माझ्या नाकावरून जाणार. हुकूम काढला : बिशपला कापेल तो धर्मबहिष्कृत. पाववाली गिस्लिंडे थेट दारात. "महाराज, अर्धा बिशप चालणार नाही, तर सुट्टे कुठून आणू?" म्हटलं, श्रद्धा ठेव. पटलं असावं, लगेच निघाली.

२९ सप्टेंबर. जत्रा.
हुकूम तंतोतंत पाळला गेला. माझं एकही नाणं कुणी कापलं नाही. बाहेरच काढलं नाही. जिकडेतिकडे एकबर्टचे घोडा छापलेले फेनिग, बिनधास्त कापलेले. घोड्याच्या तोंडाकडच्या अर्ध्यात पाव, शेपटीकडच्या अर्ध्यात बिअर. एकबर्ट स्वतः कात्री घेऊन उभा. माणसाला काही लाज?
सम्राटांच्या माणसाने जागच्या जागी लिहून दिलं, बाजार काउंटचा. फार वाईट वाटलं. सकाळपासून उपाशी होतो. गिस्लिंडेपुढे माझा अख्खा फेनिग धरला. सुट्टे नाहीत म्हणाली. मग हळूच, "महाराज, कापू का?"
सगळे बघत होते. म्हटलं, काप.
कात्री लागताच चुरा झाला. शेवटी एकबर्टनेच शेपटीकडचा अर्धा पुढे केला. पाव गरम होता.