हळदीच्या डब्याखालचं फिलाडेल्फिया

मल्लेश्वरम, बंगळूर
जून १९६२

तर त्या दिवशी सकाळी प्रेमानं रांगोळी घातली, मी नळाचं पाणी भरलं आणि फडताळातले डबे खाली काढून पुसायला बसले. (अय्यो, नमस्कार राहिलाच. ती. सकवारअक्का, तुमच्या पाया पडते. गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणायला आता मी आणि प्रेमाच.)

आमच्या माडीवर हयवदन म्हणून भाडेकरू आहेत, शास्त्राच्या संस्थेत नोकरीला. त्यांच्याकडे एक इंग्रजी विज्ञानाचं साप्ताहिक येतं. तारे, मासे, भूकंप, उंदीर, सगळे एकाच अंकात, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे. जुने अंक ते मला देतात. मी आधी वाचते, मग फडताळात घालते. (वाचते म्हणजे कोश मांडीवर घेऊन दर ओळीला ठेचकाळते. अक्षरं तुमच्या भावानं शिकवली. पुढचं सगळं माझं मी शिकले, म्हणजे बहुतेक चुकीचं.) हा अंक मात्र न वाचताच अंथरला होता. हळदीचा डबा उचलला, तर खाली पिवळ्या डागात ह्यांना घेऊन गेलेल्या आजाराचं नाव. रक्ताचा कॅन्सर. दवाखान्याच्या कागदावर ते इंग्रजी नाव इतक्यांदा पाहिलं आहे की कोश लागला नाही.

अंबुबाई आपल्या मुलासाठी, पद्माकरसाठी, प्रेमाला बघून गेल्या, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नंतर त्या गप्प झाल्या. म्हणे, बापाच्या रक्तात होतं ते पोरीच्या रक्तात असणारच. म्हणून मी कामं टाकून तो कागद वाचायला घेतला. कोशानं घात केला. 'सेल' या शब्दाचा अर्थ तुरुंगाची खोली, 'कल्चर'चा संस्कृती. म्हणजे पांढऱ्या तुरुंगातल्या रक्ताची संस्कृती काचेच्या बाटलीत वाढवली होती. (अमेरिकेत संस्कृती बाटलीत ठेवत असतील, मी कोण विचारणार?) शेवटी एवढंच कळलं की रोग्यांच्या रक्तात काहीतरी आखूड सापडतं आणि ते फिलाडेल्फियाचं आहे. नकाशात पाहिलं, गाव अमेरिकेत! मला इतका आनंद झाला की डबे जमिनीवर तसेच टाकून मी कागद घेऊन चिकपेटला त्यांच्या घरी, अंबुबाईंकडे गेले.

अंबुबाईंना म्हटलं, हा रोग फिलाडेल्फियाचा, आणि आमचे हे के. आर. पुरमच्या पलीकडे कधी गेले नाहीत. त्यांनी कागद हुंगला.

"सरी, मान्य, गेले नसतील. पण रेशनला अमेरिकेचा गहू येतो की नाही? त्यातनं आलं असेल!"

खरं सांगते अक्का, मला ते पटलंसुद्धा. घरी येऊन आधी गव्हाचा डबा उघडून बघितला.

हयवदनांना विचारलं तर ते आधी हसत सुटले, मग कोणत्या आजाराचं विचारते आहे हे लक्षात आल्यावर कॉफी खाली ठेवून म्हणाले, "अम्मा, स्वल्प बसा." मग नीट सांगितलं. आपल्या शरीराच्या कणाकणात बारीक धाग्यांसारखं काही असतं. या रोग्यांत त्यातला एक धागा आखूड असतो. ज्यांनी तो पाहिला ते फिलाडेल्फियात काम करत होते, म्हणून ते नाव. पण तो रक्तातच सापडतो, कातडीत नाही. म्हणजे माणूस तो घेऊन जन्माला येत नाही, पुढे कधीतरी तो धागा तुटतो. आणि जे जन्माचं नाही ते बाप लेकीला देत नाही.

मी विचारलं, कशानं तुटतो? म्हणाले, ते अजून कुणालाच कळलेलं नाही. मला बरं वाटलं. माझ्या हातच्या जेवणात काही चुकलं का, हे मी अजून रोज चुलीपुढे स्वतःला विचारते. निदान ते त्या अंकात तरी लिहिलेलं नाही.

प्रेमा ताक ओतताना ओठ मुडपते, अगदी ह्यांच्यासारखी. यायचं होतं ते तेवढंच आलं आहे.

तुमची भावजय,
कृष्णा

ता. क. पत्र खरं तर यासाठी. अंबुबाई कागद मानत नाहीत, हयवदनांनाही मानत नाहीत. (बिनलग्नाच्या माणसाला रक्ताचं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं.) त्या मानतात तुम्हाला. "आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे" हे उगादीच्या सणाला त्यांना तुम्हीच सांगितलंत. मी रागावले नाही. तेव्हा तुम्ही इथं असताना भिंतीकडे तोंड करून डाव्या बरगडीखाली पोट दाबून बघत होता, ते मी पाहिलं आहे. ह्यांचं तिथंच फुगलं होतं. अक्का, तुमच्या भावाचं ते तुमच्यात आलेलं नाही. आता दाबू नका. इकडे या, आणि तुमच्या तोंडानं अंबुबाईंना सांगा.

आणखी एक. वर मोठं शहाणपण लिहिलं आहे, म्हणून हेही लिहिते. हयवदनांनी एवढं समजावलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमाची वेणी घालताना मी मागून हात घालून तिच्या डाव्या बरगडीखाली हळूच दाबून बघितलं. "आई, गुदगुल्या होतात!" म्हणून ओरडली. पोट मऊ होतं. मी वेणी पुरी केली आणि डबे फडताळात लावले.