उघड्या दारावरचं गणित

१९ मे, मोताळा
आज वैशालीनं माझ्या हातातला खडू हिसकावला. 
गल्लीतलीच. चार वर्षांपूर्वी दहावीचं गणित राहिलं, मग घरीच. आता फेरपरीक्षा. पास झाली तर मेहकरला मामाकडे राहून आयटीआय. नाही तर घरचे दाखवतील तो मुलगा. शिकवायला मी, इंजिनिअरिंग अर्धं सोडून रिकामा बसलेला. आईच्या अटी: दार उघडं पाहिजे. म्हणून दारालाच फळा केलाय. अन् संध्याकाळी पुसूनच लावायचं.
लांबी रुंदीपेक्षा ५ नं जास्त, क्षेत्रफळ ८४. मी लिहिलं: रुंदी ७.
"सात कुठून आला?"
"दिसते ना वं!"
"तुले दिसते. म्हणून तं घरी बसला."
पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर खडू घेऊन तिथंच उभी.

२० मे
झोंबलं, कारण खरं. कॉलेजात हेच. उत्तर बरोबर, पायऱ्या नाहीत, सरांनी मार्क कापले. पेपर त्यांच्यापुढंच फाडला अन् बॅग उचलली.

२२ मे
आज तिच्या चालीनं.
रुंदी x मानू. लांबी x + ५.
x(x + ५) = ८४
x² + ५x − ८४ = ०
इथं अडली. गुणाकार −८४, बेरीज ५. चौदा-सहा नाही. एकवीस-चार नाही. मी ओठ दाबून गप्प. (मी! गप्प!)
"बारा अधिक, सात उणे!" आतून आई पण दचकली.
(x + १२)(x − ७) = ०
x = −१२ किंवा x = ७
मी −१२ वर फुली मारली.
"काऊन?"
"चालत नाही."
"मंग काऊन चालत नाही ते लिही. उगाच कोणाले टाकाचं नाही."
लिहिलं: रुंदी ऋण नसते.
इतकं सावकाश गणित आयुष्यात सोडवलं नव्हतं. तिच्या बांगडीला खडू लागलेला. बाकी काय लिहू.

२८ जुलै
वै. पास! आईनं साखर दिली. उद्या जाणार. मी शिकवलं, म्हणूनच जाणार. हे कोणत्या बाजूला मांडू?

२९ जुलै
सकाळी निरोप घ्यायला आली. आई चुलीपाशी. राहवलं नाही, विचारून टाकलं: माह्याशी लग्न करशील?
"झालं! पुन्हा उत्तरावर उडी."
खडू घेतला. दारावर लिहिलं: हाव किंवा नाही.
"दोन्ही राहू दे. कोणतं टाकाचं ते कारण भेटल्यावर. तू कॉलेजचं पाह्य आधी."
गेली. मागं वळून पाहिलं का? मी दाराकडंच बघत होतो, गाढव.

बुलडाण्याची बस आहे. सरांना भेटतो. परत घेतील का, माहीत नाही. तोंड सांभाळीन का, तेही नाही.
आई आतून, "पव्या, दार पुसून जा रे, रस्त्यावरून दिसते!"
दिसू दे. वही पिशवीत टाकतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.