देवाच्या डोहात रबरी पंजे

बाया, जीपमधून पहिला उतरला तो दिगंबर, लोणावळ्याच्या कचेरीतला कारकून, आणि उतरला तो थेट शेणात. (आशीर्वाद राहिलेच. चि. बायास थोरल्या बहिणीचे, कमळाबाईचे, पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? बिब्बा लावू नकोस, मागल्या खेपेला फोड आले होते.) त्याच्या मागून माधवराव, शाळेत शास्त्र शिकवतात ते. दोघांचा बेत असा, की पाठीला हवेची टाकी बांधून तुमच्या मालवणच्या समुद्रात तळाशी जायचं, पोवळ्याचे खडक बघायचे आणि दिवस मावळायच्या आत वर यायचं. पोवळं म्हणजे आपल्या आईच्या माळेतलं तेच, पण तिथं ते जिवंत असतं म्हणे, आणि तोडायचं नाही. मग एवढं लांब जायचं कशाला, असं मी विचारलं नाही. कारण टाक्या ठेवून जीपमध्ये एका माणसाची जागा उरते, आणि तुझा मुलगा निवृत्ती तिकडं एसटीवर ड्रायव्हर लागून तुला घेऊन गेला त्याला सात वर्षं झाली, तुझं तोंड पाहिलेलं नाही. ती जागा मला द्या, असं मी चहा देतानाच सांगून टाकलं. माधवराव म्हणाले, "मावशी, आधी तुमच्या डोहात सराव नीट होऊ द्या, मग बघू."

आता आपल्या डोहातले मासे देवाचे, पायताण घालून पाण्यात कुणी उतरायचं नाही, आणि राखणीला माझे दीर, केरबा भावजी. माधवरावांनी पायांत बदकासारखे रबरी पंजे चढवले मात्र, भावजी काठी घेऊन उठले.

"पायताण काढा!"

"आबा, हे पायताण नाही हो. पायच समजा, माशाचं शेपूट असतं तसे."

"पाय हायती, तर पिशवीतनं कसं काय आणलं, मास्तर?"

शास्त्रवाल्यानं पिशवी पाठीमागं सरकवली. मी म्हटलं, थांबा, खंडेनवमीला आपण विळा-कोयता पुजतो, तसंच हे औजार. धावत जाऊन हळदकुंकू आणलं, पंजे पायांतून काढायला लावून पुजले, वर झेंडूचं फूल ठेवलं. भावजींनी काठी खाली घेतली. पण माधवराव त्यात पाय घालू लागले तशी काठी पुन्हा वर. "पुजलेल्या औजाराला पाय लावता व्हय?" म्हणजे माझ्याच हातानं मी माझी जागा घालवली.

तेवढ्यात दिगंबरनं आपला पाण्यातला चष्मा (नाकसुद्धा झाकतो, एवढा मोठा) भावजींच्या डोळ्यांवर चढवला आणि त्यांना काठावर वाकवलं. चाळीस वर्षं मासे राखले, पण पाण्याखाली कधी पाहिले नव्हते. दम संपेपर्यंत डोकं आत. वर आले, श्वास घेतला, परत आत. असं सात-आठ वेळा. मग म्हणाले, "जावा, जावा. पर जपून. खाली एक म्हातारी मासळी हाय, तिला धक्का लावू नका."

सराव झक्क झाला. माधवराव भावजींवर इतके खूश, की जीपमधली जागा त्यांनाच देऊन मोकळे झाले. भावजी लगेच जाऊन बसलेसुद्धा.

ता. क. मला काहीतरी बोलणं भागच होतं. मी म्हटलं, मालवणात माझ्या बहिणीच्या घरची होडी आहे, पण मी बरोबर असल्याशिवाय बहीण ती कुणाला देत नाही. जागा मला मिळाली. भावजी माझ्याशी बोलत नाहीत.

आणखी एक. तुमच्याकडे होडी नाही हे मला ठाऊक आहे. निवृत्तीला सांग, एवढी एसटी चालवतोस, एक होडी कुणाकडून मागून आणता येत नाही का. दोन टाक्या आणि तीन माणसं मावतील अशी बघा, मीपण बसणार आहे. पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी पहाटे मला न्यायला परत येतो, असं दोघं कबूल करून गेलेत.