लाल शाईतल्या दुरुस्त्या

मुंबई,
१२ जानेवारी २०२६

ती. बाबा यांस,
सुलेखाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुम्हाला कमी ऐकू येतं, तुम्ही स्पीकर लावता आणि सम्यक शेजारीच बसलेला असतो. हे आधी एकट्यानं वाचा.

आपली सळई चोरली म्हणून सम्यकनं ज्या कंपनीवर दावा लावलाय, तिनं आता उलट त्याचं पेटंटच रद्द करा म्हणून हायकोर्टात मागणी केलीय. आणि त्यासाठी तिनं वकील नेमलेत ते आमच्याच फर्मचे. शुक्रवारी नव्या कामांच्या यादीत सम्यकचं नाव वाचलं. कापसात खुपसली की ओलावा किती ते मोबाइलवर दाखवणारी ती सळई. तिच्यापायी त्यानं वाळूजची नोकरी सोडली, चार वर्षं घातली, आणि आता ती मोडायला माझेच साहेब निघालेत.

मी लगेच वरिष्ठांना सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ. त्यांनी मला या कामापासून लांब ठेवलंय, फाइल माझ्या नजरेला पडणार नाही. आमच्या व्यवसायात एका माणसाला दोन्ही बाजूंचं ऐकता येत नाही, म्हणून हात जोडून सांगते, निकाल लागेपर्यंत खटल्यातलं एक अक्षरही मला कळवू नका. एप्रिलमध्ये मला फर्ममध्ये भागीदार करायचं घाटतंय, तेही तुमच्या कानावर असू द्या.

आईसाठी गुडघ्याचं तेल पाठवलंय. शेजारणींना वाटत बसू नको म्हणावं.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सुलेखा

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर,
१९ जानेवारी २०२६

चि. सुलेखा हिस,
सप्रेम जयभीम आणि मंगल कामना.

पत्र पोचलं. एक अक्षर लिहू नका म्हणतेस, तर मी चार पानं लिहिणार. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, मला गप्प बसवणारं पोरगं अजून भेटायचंय.

काल विहारात एक शर्ट खोचलेला गृहस्थ आला. तीन वर्षांपूर्वीच्या जयंतीचे फोटो बघायला मिळतील का, म्हणून विचारत होता. आपल्या समितीचे चिटणीस पुंजाराम यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तो कंपनीचा माणूस कशाच्या शोधात होता ते मी मात्र ओळखलं, आणि ते तुला आजवर लपवलेलं आहे.

२०२३ च्या जयंतीला, म्हणजे पेटंटचा अर्ज करायच्या पाच महिने आधी, सम्यकनं ती सळई विहारासमोर स्टेजवर चालवून दाखवली. वस्तीतल्या पोरानं काही कमावलं की जयंतीला त्याचा सत्कार करायचा, ही आपली रीत. तो नाही म्हणत होता. अर्ज जाईस्तोवर कुणाला दाखवू नको असं ताईनं बजावलंय, हे चारदा बोलला. पण समितीचा अध्यक्ष मी, हट्ट धरणाराही मीच. वकिलांना सगळ्यातच खोट दिसते असं सुनावून त्याला स्टेजवर ढकललं. गंगापूरहून कापसाचं बोचकं मागवलं होतं. चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि मी छाती काढून फोटोत उभा राहिलो. आता सम्यक सांगतो की अर्जाआधी लोकांनी पाहिलेली वस्तू कायद्यात नवी राहत नाही.

त्याच्या वकिलाला प्रतिज्ञापत्र पाहिजे की अर्जाआधी ही वस्तू कुठंही दाखवली नव्हती. वकिलाला जयंतीचं काहीच ठाऊक नाही. पुंजाराम म्हणतात, विहारातला फोटो उतरवून टाकू, वस्तीतलं कुणी तोंड उघडायचं नाय, लई झंझट कशाला. तू एवढंच सांग, उतरवू का?

आणखी एक विचारतो, राग मानू नको. सम्यकच्या अर्जाच्या मसुद्यावर पानोपानी लाल शाईतल्या दुरुस्त्या तुझ्या हातच्या आहेत. ते साहेबांना सांगितलंस, का भाऊ आहे एवढ्यावरच भागवलंस?

आईचा गुडघा बरा आहे. तेल अर्धं वाटून झालं.

लोभ कमी होऊ देऊ नको.

तुझा,
बाबा

मुंबई,
२८ जानेवारी २०२६

ती. बाबा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. जे शोधायला ती कंपनी माणसं पाठवतेय, तेच तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून माझ्या हाती दिलंत. मला तुमचा फार राग आला. अजून आहे.

पण लाल शाईचं विचारलंत ते बरोबर विचारलंत. नव्हतं सांगितलं. नुसती बहीण असले तर मी एकटी बाजूला होते. पण त्याचे कागद मी दुरुस्त केले, सल्ला दिला, म्हणजे मी त्याची वकीलच झाले. मग आमच्या अख्ख्या फर्मला त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक माझ्यामुळं गेलं असतं आणि भागीदारीही. हे सगळं मला पहिल्या दिवशीच कळत होतं, आणि मी गिळून बसले. माझी मलाच लाज वाटते.

काल सगळं सांगितलं. वरिष्ठांनी एवढंच विचारलं की पहिल्या दिवशी का नाही सांगितलं. फर्म या कामातून बाहेर पडली. मला राजीनामा द्यायला सांगितलंय, महिनाअखेर शेवटचा दिवस. जयंतीचं मी कुणाला बोलले नाही, ते सांगणं माझ्या अखत्यारीत नाही. पण कंपनीला दुसरे वकील मिळतील आणि तो गृहस्थ पुन्हा विहारात येईल.

फोटोबद्दल वकील म्हणून मी आता काही सांगू शकत नाही. मुलगी म्हणून सांगते, त्याला हात लावू नका. सम्यकला खोट्यावर सही करू देऊ नका. मला फार भीती वाटतेय, बाबा.

रागावले असले तरी तुमचीच आहे, हे विसरू नका.

सुलेखा

मुकुंदवाडी,
८ फेब्रुवारी २०२६

चि. सुलेखा हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सम्यकला वाचून दाखवलं. त्यानं ते मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग उठून वकिलाकडं गेला आणि ते प्रतिज्ञापत्र मी देणार नाही म्हणून सांगून आला. ताईनं खुर्ची सोडली आणि मी खोटं बोलून पेटंट राखू का, असं आईपाशी म्हणाला. माझ्यापाशी नाही.

दुसऱ्या दिवशी मीच वकिलाकडं गेलो. मी साहेबराव, विहार समितीचा अध्यक्ष, मुलगा नको म्हणत असताना मी त्याला ती वस्तू लोकांत दाखवायला लावली, असं माझ्या नावानं लिहून दिलं. फोटो सोबत जोडला. पुंजाराम यांनी बोलणं टाकलंय. वस्तीत म्हणतात, बापानंच लेकाचा गळा कापला. वकिलाच्या मते पेटंट टिकणं मुश्कील आहे. जयंतीनंतर सळईत केलेली एखादी सुधारणा वाचली तर वाचेल.

सम्यक वेळेवर जेवतो, आपलं काम करतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याची चार वर्षं माझ्या हट्टानं गेली आणि तुझी खुर्ची माझ्या पत्रानं. शाळेत चूक कबूल करायला मी पोरांना सगळ्या वर्गासमोर उभं करायचो, आणि मोठा न्याय केला असं समजायचो.

नोटरीपुढं मी एका दमात सही केली. पण मला माफ कर, हे तीन शब्द तुला लिहायला आज चौथा कागद घेतलाय.

घरी ये. राग घेऊनच ये.

तुझा,
बाबा